आपटून, उकडून, गोठवून पाहिलेला फोन

शनिवारी सकाळी साडेनऊला आइला शेजारच्या तौनोकडे आली, हातातला काळा मोबाइल त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "एक ओळ लिहून दे. 'फोनचं हार्डवेअर ठीक आहे.' खाली सही कर. बास."

फोन चष्म्याच्या डबीएवढा होता. तौनोने तो उचलून डबीसारखाच उघडला. आत एका बाजूला लांबट पडदा आणि दुसऱ्या बाजूला टाइपरायटरसारखी बारीक बारीक बटणं. ती पाहताच तौनोने कॉफीचा कप बाजूला सारला.

"आइला, हा सत्तावीस नंबर आहे."

"असेल. यालमारीच्या कपाटात होता."

"हे मॉडेल बाजारात आलंच नाही! त्याचे सगळे नमुने भट्टीत घालायचे होते."

"भट्टीची किल्ली यालमारीकडे होती," आइला म्हणाली. यालमारी तिचा नवरा. जाऊन दोन वर्षं झाली होती. "ते जाऊ दे. बेटांवरचा कुणी लिंडरूस म्हणून आहे, जुने फोन जमवतो. आज चार वाजता येतोय. याच्या बदल्यात बोटीचं इंजिन देणार आहे. पण त्याला तपासनिसाची सही पाहिजे म्हणे. मला या खांद्याने आता नदीपलीकडच्या झोपडीपर्यंत वल्ही मारवत नाहीत, तौनो. तेव्हा लिही."

तौनोने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

आमच्या लेहमुसयोकीत एके काळी मोबाइलचा कारखाना होता. गावात कुणालाही विचारा, तो बॅटरीतला तरी असायचा, रंगातला तरी, नाहीतर पॅकिंगमधला. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण माणसं अजून खात्यावरूनच ओळखली जातात. तौनो लेहतिसालो एकतीस वर्षं तपासणीत होता. नवे फोन आपटायचे, दाबायचे, तापवायचे, आणि जे यातून जगतील त्यांना 'पास' म्हणायचं, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावर त्याच्यापुढे कुणी तपासायला काही आणलं नाही. मग तो स्वतःच काहीबाही तपासत हिंडायचा. एका फर्निचरच्या दुकानात तो एकाच खुर्चीवर दोनशे वेळा बसला उठला, तेव्हापासून त्याला त्या दुकानात येऊ देत नाहीत.

आणि सत्तावीस नंबरच्या कागदावर एकोणीस वर्षांपूर्वी 'नापास' असं लिहून सही करणारा माणूस तौनोच होता. 'कारण' या रकान्यात त्याने एकच शब्द लिहिला होता : 'किर्र.' फोन उघडताना करकरतो, म्हणून.

"मी याला नापास केलंय," तो म्हणाला. "आता नुसतं 'ठीक आहे' कसं लिहू? सगळ्या चाचण्या परत घ्याव्या लागतील."

"मघाशी उघडलास तेव्हा करकरला का?"

तौनोने आठवून पाहिलं. "नाही."

"झालं तर मग."

"एकदा उघडून काय कळतं? आधी आपटायचा. मग बटणं, मग वजन, मग उष्णता आणि थंडी."

आइलाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चारच्या आत आटप," एवढंच ती म्हणाली आणि कॉफी ओतून घेतली. तौनोच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला इथेच संशय आला असता. पण त्याला एवढा आनंद झाला होता की त्याने आपली जुनी शिट्टी शोधायला घेतली. कारखान्यात फोन आपटण्याआधी शिट्टी वाजवायचा नियम होता.

दोन्ही घरांच्या सामाईक अंगणातल्या सिमेंटच्या पायरीवर त्याने फोन छातीच्या उंचीवरून दहा वेळा टाकला. सहा बाजूंवर एकेकदा आणि चार कोपऱ्यांवर एकेकदा. आठव्या खेपेला पायरीचा टवका उडाला. फोनच्या कोपऱ्यावर एक पांढरा ओरखडा आला, बाकी तो ठणठणीत होता.

"पास," तौनो म्हणाला आणि पायरीकडे दुर्लक्ष केलं.

बटणांची पाळी आली तेव्हा पहिली अडचण आली. तौनोने एका बटणावर बोट ठेवलं की शेजारची दोनही दाबली जायची. आइलाला चष्म्याशिवाय अक्षरं दिसेनात आणि चष्मा सापडेना. "सिर्पाला बोलवायला हवं," तौनो म्हणाला.

सिर्पा बावीस वर्षं कीबोर्ड विभागात होती. आता ती शाळेची बस चालवते. सत्तावीस नंबर हे शब्द फोनवर ऐकताच ती कुठलाही प्रश्न न विचारता बस घेऊनच आली. अंगणातल्या बाकावर बसून तिने मांडीवर फोन उघडला आणि डोळे मिटून प्रत्येक बटण शंभर शंभर वेळा दाबलं. तासाभराने डोळे उघडून म्हणाली, "एकही अडकत नाही. मी तेव्हाही हेच सांगत होते. किर्र कीबोर्डातून येतच नव्हतं. बिजागरीतून येत होतं."

तौनोने कागदावर नुसतं 'पास' लिहिलं. या वादात पडायचं नाही हे गावात लहान पोरालाही माहीत होतं.

त्यानंतर वजन. माणूस फोन मागच्या खिशात ठेवून बसतो, म्हणून फोनवर वजनदार माणूस बसवून पाहायचा. तौनोचं स्वतःचं वजन बासष्ट किलो. त्याच्या बसण्याला काही अर्थ नव्हता. पण समोरच्याच घरात ओलावी राहत होता. चिटणीस, फडणीस असतात तसा ओलावी हा कारखान्याचा बसणीस होता. एकशे अठरा किलो वजनाच्या जोरावर त्याने सोळा वर्षं नोकरी केली होती, आणि प्रत्येक नव्या मॉडेलवर पहिला बसण्याचा मान त्याचा असे. त्याला हाक मारल्यावर तो स्वच्छ पँट घालून आला आणि फोन मागच्या खिशात घालून बाकापाशी उभा राहिला.

"बस," तौनो म्हणाला. "नीट बस. सगळा भार दे."

"दिलाय."

"मोडलं का काही?"

"अजून नाही. पण टोचतंय."

"टोचू दे. उठ, परत बस. जोरात. एकूण वीस वेळा."

"बिचाऱ्याचे हाल करताय तुम्ही," आइला म्हणाली.

"हे तर काहीच नाही," सिर्पा म्हणाली. "अजून नव्वद डिग्रीवर उकडायचंय."

"आणि तरी जिवंत राहिलं, तर फ्रीझरमध्ये," तौनो म्हणाला. "आइला, तुझ्या फ्रीझरमध्ये जागा आहे ना?"

"एल्क हरणाचं मांस जरा बाजूला सरकवते. मावेल."

"ओलावी, थांबू नकोस. मोडेपर्यंत बस!"

बाकाच्या खडखडाटात विसावं बसणं झालं आणि नाक्यावरून भोंगा ऐकू आला. अग्निशमन दलाची लाल गाडी आइलाचं कुंपण आडवं करत अंगणात घुसली. हातात कुऱ्हाड घेऊन दलाचा प्रमुख कौको खाली उडी मारून उतरला, त्याच्या मागे दोघे जण स्ट्रेचर घेऊन.

"मोडतायत कुणाला?" कौको ओरडला.

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. फोनमध्ये सिम नव्हतं हे खरं, पण आइलाने तो चार्ज करूनच आणला होता, आणि सिम नसतानाही फोनवरून एक नंबर लागतो. तो म्हणजे संकटकाळचा एकशे बारा. फोनच्या पाठीवरही आकड्यांची बटणं होती, आणि ओलावीच्या पाचव्या बसण्याला नेमका तोच नंबर लागला होता. पुढची पंधरा बसणी मदत केंद्रातल्या बाईंनी कानात प्राण आणून ऐकली होती.

"खबर अशी आहे," कौको खिशातला कागद वाचू लागला, "की एक अवजड इसम दुसऱ्या इसमाच्या अंगावर बसला आहे. दुसरा इसम बोलत नाही. त्याला उकडून, मग एल्कच्या मांसाशेजारी गोठवण्याचा बेत आहे. टोळीत दोन बायका आहेत."

ओलावीने हळूच हात वर केला. "अवजड इसम मी."

"आणि दुसरा?"

ओलावीने खिशातून फोन काढून दाखवला. कौकोने तो पाहिला आणि कुऱ्हाड गाडीला टेकवून ठेवली. मग वायरलेसवर एवढंच बोलला, "पोलिसांना परत पाठवा. जखमी ओळखीचा आहे." आणि डोक्यावरचं शिरस्त्राण काढून हातात धरलं.

कौको हा बिजागरी विभागाचा मुख्य होता. सत्तावीस नंबरची बिजागरी त्याने स्वतः आखली होती आणि तिच्यासाठी दीड वर्ष घरी जेवला नव्हता. तो आणि सिर्पा यांचं त्या वर्षी जूनमध्ये लग्न ठरलेलं. केकसुद्धा सांगून झाला होता. लग्नाच्याच आठवड्यात मंगळवारी शेवटची बैठक झाली. ओलावी फोनवर बसला, मग फोन साहेबांच्या हातात देऊन उठला, त्याच क्षणी साहेबांनी तो उघडला, आणि 'किर्र!' कौको म्हणाला, कीबोर्ड. सिर्पा म्हणाली, बिजागरी. मॉडेल रद्द झालं, शुक्रवारी लग्न रद्द झालं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. समोरून शाळेची बस येताना दिसली की अग्निशमन दलाची गाडी गल्लीत वळायची. एकदा त्यामुळे कुणाचं तरी गवताचं कोठार पूर्ण जळलं होतं.

"उठ ओलावी, इकडे दे," कौको म्हणाला. ओलावी बाकावरून उठला. तो उठता उठताच कौकोने फोन घेऊन हलकेच उघडला.

किर्र!

अंगणातली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. बाहेर रस्त्यावरून सायकलीने जाणारा माणूससुद्धा उतरून उभा राहिला. तो रंग विभागातला होता.

"त्याला सांग, ऐकलंस का म्हणावं," सिर्पा तौनोला म्हणाली.

"तिला सांग, कान आहेत मला," कौको तौनोला म्हणाला. "आणि हेही सांग, की तिने सकाळपासून दाबून दाबून कीबोर्ड ढिला केलाय."

"त्याला विचार, ढिली वस्तू कधी करकरते का? करकरते ती गंजलेली. माणूस असो नाहीतर बिजागरी."

"तिला म्हणावं, त्या बिजागरीत गंज न धरणारं पोलाद आहे!"

"सकाळी करकरला नव्हता," तौनो मध्येच म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस!" दोघंही एकदम त्याला म्हणाली.

तौनोला मात्र आत कुठेतरी बरं वाटत होतं. कारखान्यातले दिवस परत आल्यासारखे झाले होते. त्याने निर्णय दिला. उष्णतेची चाचणी सगळ्यांसमोर होईल. तापल्यावर धातू फुगतो, मग आवाज नेमका कुठून येतो ते आपोआप कळेल. त्याने सौना पेटवला. आमच्याकडे सौना म्हणजे घरामागची लाकडी खोली, चुलीवरच्या दगडांवर पाणी मारून वाफ घ्यायची. एरवी तिथे कपड्यांवाचून बसतात, पण ही आंघोळ नव्हे, सरकारी नसली तरी रीतसर चाचणी होती, म्हणून सगळे टॉवेल गुंडाळून बसले. सिर्पाने आधीच सांगून टाकलं होतं की बिजागरीवाल्यांच्या हाती पाऊण तास फोन एकटा सोडायला ती वेडी नाही. मग कौकोही आला. तौनो, आइला आणि ओलावी होतेच. दलाचे ते दोघे जण बाहेर कुंपण उभं करत बसले.

वरच्या फळीवर, मधोमध, घडी केलेल्या रुमालावर फोन मिटून ठेवला होता. त्याच्या एका बाजूला सिर्पा, दुसऱ्या बाजूला कौको. थर्मामीटर ऐंशीवर गेला, मग नव्वदवर. घामाचे थेंब फळीवर पडल्याचं ऐकू येत होतं.

"ओलावी, दगडांवर पाणी मार," तौनो म्हणाला.

ओलावी पाणी घ्यायला उठला.

किर्र!

सगळ्यांनी फोनकडे पाहिलं. फोन मिटलेला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

"आपोआप?" आइलाने कुजबुजत विचारलं.

ओलावी पाणी मारून परत बसला.

किर्र!

तौनो सावकाश वळला. एकतीस वर्षांत एकही फोन पाहिला नसेल इतक्या बारकाईने त्याने ओलावीच्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं.

"ओलावी, उठ."

किर्र.

"बस."

किर्र.

"हे कधीपासून आहे?"

"लष्करात होतो तेव्हापासून," ओलावी म्हणाला. "उडी मारताना पडलो होतो. थंडीत जास्त करतं."

"त्या बैठकीतही तू फोनवरून उठलास आणि साहेबांनी तो उघडला..."

ओलावीने विचार केला. "हो. तेव्हा जरा मोठ्यानेच वाजलं होतं."

"मग बोलला का नाहीस?" सिर्पा किंचाळली.

"मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे. कुणी विचारलं नाही."

"लग्न मोडलं माझं!"

"ते मला कळलं," ओलावी खाली मान घालून म्हणाला. "मला वाटलं, केकवरून काहीतरी झालं असेल."

कौकोने बादलीतला पळा उचलला. आता तो ओलावीच्या डोक्यात बसणार असं सगळ्यांना वाटलं. पण कौकोने पाणी दगडांवर टाकलं आणि एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा थेट सिर्पाला विचारलं, "जास्त झालं का गरम?"

"नाही," सिर्पा म्हणाली. "ठीक आहे."

तौनोने हळूच फोन उचलला, टॉवेलचं टोक धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. जरासुद्धा आवाज नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण घाम म्हणून ते खपून गेलं. "पास," तो म्हणाला. नव्वद डिग्रीवरून फोन तसाच आइलाच्या फ्रीझरमध्ये गेला.

चारला पाच मिनिटं कमी असताना लिंडरूस आला. गाडीच्या मागच्या बाजूला इंजिन दोरीने बांधलेलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, मुठीत पांढरे हातमोजे. जुन्या फोनला तो उघड्या हाताने शिवत नसे. अंगणात त्याला अग्निशमन दलाची गाडी दिसली, अर्धवट उभं केलेलं कुंपण दिसलं, शाळेची बस दिसली आणि टॉवेल गुंडाळलेली, अंगातून वाफा निघणारी पाच माणसं वेलचीचा पाव खाताना दिसली.

"माफ करा, मी चुकीच्या घरी आलो का?"

"नाही, बरोबर आलात," आइला म्हणाली. "तौनो, फ्रीझरमधून काढ."

फोन दगडासारखा गोठलेला होता. त्याच्या पाठीला दोन जांभळ्या ब्लूबेरी चिकटल्या होत्या. तौनोने तो अभिमानाने पुढे केला. "आपटून, दाबून, बसून, उकडून, गोठवून पाहिलाय. सगळ्यात पास. हा घ्या सहीचा कागद."

लिंडरूसचे ओठ पांढरे पडले. "बसून?"

"एकशे अठरा किलो," ओलावी म्हणाला. "वीस वेळा."

"अहो, जगात या मॉडेलचा एकही फोन कुणाकडे नाही! मला तो न हाताळलेला हवा होता. कोरा! याच्यावर ओरखडा आहे. याच्यावर... हे फळ आहे!" तो गाडीकडे वळला आणि इंजिनाची दोरी पुन्हा घट्ट करू लागला. "नको मला."

तौनो त्या कागदाकडे बघत उभा राहिला. आपण काय करून बसलो हे त्याच्या हळूहळू लक्षात येत होतं. "आइला," तो म्हणाला, "तुझं इंजिन..."

आइलाने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात टॉवेलला पुसले आणि घरात गेली. येताना तिच्या हातात पुठ्ठ्याचं एक खोकं होतं, वर कारखान्याची चिकटपट्टी जशीच्या तशी. "यालमारीने भट्टीतून दोन वाचवले होते," ती लिंडरूसला म्हणाली. "हा उघडलेलासुद्धा नाही."

लिंडरूसने हातमोजे घातले.

"म्हणजे?" तौनो म्हणाला. "मग मला दुसरा का दिलास?"

"तौनो, अठ्ठावीस वर्षं तुझ्या शेजारी राहतेय मी. तपासल्याशिवाय तू सही करणार नाहीस हे मला माहीत होतं. आणि तू तपासल्यावर वस्तूचं काय होतं, तेही माहीत होतं."

तौनोने खोक्यावरचा अनुक्रमांक वाचला, मग आपल्या कागदावरचा वाचला. त्याचा चेहरा एकदम सरकारी झाला. "नंबर वेगळा आहे. हा तपासलेला नाही. याला माझी सही चालणार नाही."

सगळ्यांच्या नजरा खोक्याकडे वळल्या. सिर्पाने बटणांसाठी बोटं मोकळी केली. तौनोचा हात शिट्टीकडे गेला. ओलावी बाकावरून उठला.

किर्र.

"सही नको!" लिंडरूस खोकं छातीशी कवटाळून मागे सरकत म्हणाला. "अजिबात नको! माझा विश्वास आहे!" त्याने एका हाताने दोरी सोडून इंजिन गवतावर उतरवलं, आणि बोटीचं इंजिन एका हाताने उतरवता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गाडी नाक्यापर्यंत गेली तरी त्याने दार नीट लावलं नव्हतं.

आइला इंजिनाभोवती फेरी मारून आली आणि ओलावीला ते होडीपर्यंत उचलायला लावलं. आवाज करत का होईना, त्याने ते उचललं. तौनो खाली बसून फोनवरची ब्लूबेरी नखाने काढू लागला.

कौको आणि सिर्पा तेवढी पायरीवर उरली. कौकोने नदीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सप्टेंबरमध्ये चर्च रिकामं असतं."

सिर्पाने त्याच्याकडे नखशिखान्त पाहिलं. डोक्यावरचे केस गेले होते, पोट पुढे आलं होतं.

"एकोणीस वर्षं नुसता पडून होतास," ती म्हणाली. "असा न तपासता कसा घेऊ? आधी सगळ्या चाचण्या."

कौकोने मनापासून विचार केला.

"चालेल," तो म्हणाला. "पण फ्रीझरपासून सुरू कर. सौनातून मी आत्ताच आलोय."